खाद्य एकच, पण पिंजऱ्यातलं अंडं टणक आणि बागेतलं पातळ. असं का?

माणदेशी_कुक्कुट
नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यात डाळिंबाच्या बागेला लागून माझं छोटं लेअर (अंड्यांच्या कोंबड्यांचं) युनिट आहे. पत्र्याच्या शेडमध्ये पिंजऱ्यात दोनेकशे पक्षी, बीव्ही-३०० या लेअर जातीचे. त्याच लॉटमधले साठेक पक्षी दिवाळीनंतर बागेत मोकळे सोडले. रात्रीला खुराडं, दिवसभर बागेत. पुण्यातली काही गिऱ्हाइकं मोकळ्या कोंबडीचीच अंडी मागतात आणि भावही बरा देतात.

दोन्हीकडे खाद्य एकच, दुकानातलं लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार भरड खाद्य. पोत्यावर कॅल्शियम ३.८ टक्के लिहिलंय. बागेतल्यांना वरून ज्वारी, मका, घरातलं उरलंसुरलं आणि पाला.

अडचण अशी की पिंजऱ्यातली अंडी टणक आणि बागेतली पातळ. अंगठ्याने दाबलं तर कवच दबतं. पुण्याला पोचेपर्यंत प्रत्येक ट्रेमध्ये फुटका माल निघतोच. मला उलटं अपेक्षित होतं. ऊन, व्यायाम, किडे, सगळं बागेतल्यांना मिळतं. मग मोकळ्या कोंबडीला कॅल्शियम जास्त लागतं का? दुकानदार लिक्विड कॅल्शियमची बाटली घ्या म्हणतो. आणि हो, उन्हाळ्यात पिंजऱ्यातली अंडीसुद्धा पातळ होतात, तेही एक कोडंच आहे.

भटक्या_खवय्या
फुटका माल इकडे पाठवा, आम्ही भुर्जी करून सोडवतो प्रश्न.
बाकी बीव्ही-३०० ची पांढरी अंडी गावरान म्हणून खपवत नाही ना राव?

माणदेशी_कुक्कुट
नाही हो. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलंय, जात लेअरची आहे, फक्त मोकळी फिरते.

शंकासुर
आमची आजी पाण्यात चुन्याची निवळी घालायची. खाण्याचा चुना मडक्यात भिजवायचा, वरचं स्वच्छ पाणी कोंबड्यांना. कधी पातळ अंडं पाहिलं नाही. बाटल्याबिटल्यांच्या नादी लागू नका.

लेअरवाला_मिरज
बाटली नको, निवळी नको, आधी एवढं सांगा: ज्वारी-मका किती घालता आणि कधी?

माणदेशी_कुक्कुट
सकाळी सोडताना एक पाटी, संध्याकाळी परत बोलवायला एक पाटी. ज्वारीचा आवाज आला की पळत येतात, त्याशिवाय खुराड्यात शिरत नाहीत. मॅश दिवसभर डब्यात असतं, पण पिंजऱ्यातल्यांइतकं खात नाहीत. बरंच उरतं.

लेअरवाला_मिरज
सापडला चोर.

डॉ_पशुपती
मिरजकरांनी नेमकं धरलं. मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालोय, हा प्रश्न घेऊन येणारे बरेच पाहिले. जरा हिशेब मांडतो, कारण पोत्यावरचे टक्के बघून यातलं काही कळत नाही.

साठ ग्रॅमच्या अंड्याचं कवच सुमारे सहा ग्रॅमचं. ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे निव्वळ कॅल्शियम दोन-सव्वादोन ग्रॅम. कोंबडीच्या अख्ख्या शरीरात कॅल्शियम असतं वीसेक ग्रॅम. म्हणजे एका अंड्यामागे अंगातल्या साठ्याचा दहावा भाग बाहेर पडतो आणि लेअर कोंबडी हे जवळपास रोज करते. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी निम्मं, फार तर साठ टक्के अंगी लागतं. म्हणून रोजचे चार ग्रॅम पोटात जायला हवेत. कोंबडी पिंजऱ्यात असो, गादीवर (शेडच्या जमिनीवर पसरलेल्या भुशावर) असो की बागेत, अंडं तेवढंच असेल तर हा आकडा फारसा हलत नाही.

आता तुमच्या दोन घरांचा हिशेब. पिंजऱ्यातली कोंबडी दिवसाला १०५ ग्रॅम मॅश खाते असं धरा. त्याचे ३.८ टक्के म्हणजे चार ग्रॅम. बरोबर. बागेतलीने समजा ६५ ग्रॅम मॅश आणि ५० ग्रॅम ज्वारी-मका खाल्ला. मॅशमधून अडीच ग्रॅम आलं. ज्वारी-मक्यातून जवळपास शून्य, कारण धान्यात कॅल्शियम नावालाच असतं, मक्यात तर ०.०३ टक्क्याच्या आसपास. दाण्यांनी पोट भरलं, कवचाला काही मिळालं नाही. अडीचमधलं निम्मं अंगी लागणार आणि अंडं मागणार सव्वादोन. उरलेलं हाडांतून जातं. हाडं काही दिवस पुरवतात, मग कवच पातळ व्हायला लागतं.

मोकळ्या कोंबडीची हालचाल जास्त, त्यामुळे तिला ऊर्जा जास्त लागते आणि ती एकूण खातेही जास्त. तिने सगळं मॅशच खाल्लं असतं तर १२० ग्रॅममधून साडेचार ग्रॅम मिळालं असतं आणि तुम्ही हा धागा काढलाच नसता.

गवतफूल
डॉक्टर, पण किडे, गांडुळं, माती यातून काहीच मिळत नाही? गावरान कोंबड्या हजारो वर्षं उकिरड्यावर जगल्या, त्यांना कोण मॅश घालत होतं? त्यांचं अंडं तर किती टणक असतं!

डॉ_पशुपती
गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमची. पंधरा-वीस अंडी झाली की अंडी थांबवून खुडूक बसते, हाडं पुन्हा भरून घेते. तिला उकिरडा, भिंतीचा पोपडा, गोगलगायीचं कवच पुरतं. लेअर पक्षी वर्षाला तीनशेच्या वर देतो, खुडूक बसणं त्याच्या रक्तातून जवळपास काढून टाकलंय. गावरान अंडं टणक लागतं त्यात फिरण्याचं श्रेय थोडं, अंडं लहान आणि क्वचित असण्याचं जास्त. किड्यांतून प्रथिनं मिळतात. कॅल्शियमचं म्हणाल तर बहुतेक किड्यांच्या अंगावरचं आवरण कायटिनचं असतं, चुन्याचं नव्हे.

आता वेळेकडे या. माझ्या मते तुमच्या इथे खरी मेख तीच आहे. अंडं कवचाच्या पिशवीत अठरा ते वीस तास असतं आणि कवचाचा बराचसा थर रात्री चढतो. तेव्हा कोंबडी काही खात नसते. आतड्यात जे हळूहळू विरघळत असेल त्यावर आणि हाडांवर भागवते. शेडमध्ये दिवे लावून सोळा तासांचा दिवस केला तर रात्र आठच तासांची. बागेतल्या खुराड्यात बल्ब नसेल तर हिवाळ्यात रात्र तेरा तासांची होते. आणि त्या तेरा तासांसाठी तुम्ही तिच्या गळ्यातली पिशवी भरता कशाने? ज्वारीने! दिवस मावळायच्या आधी दोन तास कोंबडीला कॅल्शियमची भूक आपसूक लागते, समोर ठेवलं तर ती शोधून खाते. त्याच वेळी तुम्ही पाटी वाजवता.

शंकासुर
हे पटलं. पण निवळीत काय वाईट? तो तर चुनाच.

डॉ_पशुपती
वाईट नाही, तोकडी आहे. चुना पाण्यात फार विरघळत नाही. लिटरभर स्वच्छ निवळीत कॅल्शियम एक ग्रॅमही भरत नाही. कोंबडी दिवसाला पाव लिटर पाणी पिते. म्हणजे पाव ग्रॅमही नाही आणि हवे आहेत चार. तुमच्या आजीच्या कोंबड्या गावरान होत्या, भिंती चुन्याने सारवलेल्या असतील, म्हणून चाललं. खालचा गाळ मात्र कधी पाजू नका, घसा भाजतो.
बाटलीलाही हाच नियम लावा. तिच्यावरच्या मात्रेने एका पक्ष्याला किती मिलिग्रॅम मिळतं ते काढा आणि शेजारी ४,००० लिहा. औषध म्हणून चार दिवस द्यायचं तर द्या, रोजचं कवच बाटलीवर बनत नाही.

वेंगुर्ल्याची_वहिनी
आमच्याकडे तिसऱ्या, खुबे, कालवं खाऊन झाली की शिंपा परसात. धुवायच्या, उन्हात वाळवायच्या, चुलीत थोड्या भाजल्या की कांडायला सोप्या जातात. नारळाच्या करवंटीत घालून खुराड्याच्या दाराशी ठेवते. गंमत म्हणजे अंड्यावर असलेली कोंबडीच तिथे थांबते, बाकीच्या ढुंकून बघत नाहीत. कोंबडा तर नाहीच.

डॉ_पशुपती
वहिनी, तुम्ही एका वाक्यात पुस्तकाचा धडा सांगितलात. प्रत्येक कोंबडीची गरज वेगळी आणि रोजची वेगळी. मोकळ्या कळपात तर कोणी अंड्यावर, कोणी खुडूक, कोणी पीस टाकतेय. सगळ्यांना एकच टक्का घालण्यापेक्षा शिंपला वेगळ्या भांड्यात ठेवावा. फक्त पार पीठ करू नका. दोन ते चार मिलिमीटरचा, बाजरीपेक्षा मोठा आणि तुरीपेक्षा लहान खडा हवा. असा खडा पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात, अडकून राहतो आणि रात्रभर झिरपत राहतो. पीठ दोन-तीन तासांत पुढे निघून जातं. पिंजऱ्यातल्या मॅशमध्येसुद्धा निम्म्याच्या वर कॅल्शियम खड्याच्या रूपात असावं. कोंबड्यांचं वय वाढलं की जास्तच, कारण अंडं मोठं होत जातं आणि कवचाचा माल तेवढाच राहतो.

तळेगावची_तलंग
माझ्याकडे परसात पाच गावरान, एक कोंबडा आणि तीन महिन्यांच्या तलंगा, सगळी एकाच ताटात जेवतात. लेअर मॅशच घालू का सगळ्यांना? सोपं पडतं.

डॉ_पशुपती
नको. अंड्यावर न आलेल्या तलंगेला रोज साडेतीन-चार टक्के कॅल्शियम गेलं तर मूत्रपिंडावर ताण येतो, पुढे गाऊट होतो, पक्षी मरतातही. कोंबड्यालाही ते नको. सगळ्यांना ग्रोअरचं (वाढत्या पक्ष्यांचं) खाद्य घाला आणि शिंपला वेगळा ठेवा. ज्यांना हवा त्या खातील. तलंगेचा तुरा लाल व्हायला लागला, पहिलं अंडं दोनेक आठवड्यांवर आलं की दोन-अडीच टक्क्यांचं खाद्य सुरू करा. त्या पंधरा दिवसांत तिच्या लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळं, मऊ हाड भरतं. ते फक्त कवचासाठी उसनं द्यायला असतं. ते नीट भरलं नाही तर वर्षभर रडगाणं.

लेअरवाला_मिरज
आता थोडं पिंजऱ्याच्या बाजूने. लोक पिंजरा म्हटलं की नाक मुरडतात. पण कवचाच्या बाबतीत पिंजऱ्याला तोड नाही. प्रत्येक घास मोजलेला, अंडं घातलं की घरंगळून पुढे. ना माती, ना विष्ठा, ना कोंबडीचा पाय. गादीवर निम्मी डोकेदुखी जमिनीवर घातलेल्या अंड्यांची.

गवतफूल
आणि पाय न हलवता उभी असलेली कोंबडी, ते नाही सांगितलंत.

लेअरवाला_मिरज
कवचाबद्दल बोलतोय ताई, कोंबडीच्या आयुष्याबद्दल नाही.

डॉ_पशुपती
दोघंही खरं बोलताय आणि भांडताय वेगवेगळ्या गोष्टींवर. पिंजऱ्यात कवच शेवटपर्यंत चांगलं दिसू शकतं आणि आतून हाडं पोकळ होत जातात. पिंजरे सर्रास झाले त्या काळात, १९५०च्या दशकात, अमेरिकेत हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला: केज लेअर फटीग. चांगली अंडी देणारी कोंबडी एके दिवशी पायावर उभीच राहत नाही, आडवी पडते. हाड वापरलं तर हाड टिकतं. उडी नाही, चालणं नाही, पंख फडफडवणं नाही, म्हणजे सांगाड्याला बळकट राहायला कारणच नाही. अशी कोंबडी पिंजऱ्याबाहेर जमिनीवर ठेवून शिंपला आणि मॅश दिलं तर वेळेत लक्षात आल्यास बऱ्याचदा उठते.
मोकळ्या कोंबडीच्या पायांची आणि पंखांची हाडं जाड असतात. पण तिला दुसरं दुखणं: छातीचं मधलं हाड मोडणं. उंच दांड्यावरून अंधारात उतरताना आपटतात. बागेत खुराडं असेल तर बसायचा दांडा फार उंच नको, चढायला फळी टेकवा.
मिरजकर, क्रॅक माल पिंजऱ्यातही होतो. जाळीचा उतार जास्त असेल किंवा तार गंजून खडबडीत झाली असेल तर चांगलं कवचही तडकतं. अंडी दिवसातून एकदाच गोळा केली तर ती एकमेकांवर आदळतात. तो दोष खाद्याच्या माथी मारू नये.

परदेशी_पाखरू
नॉर्फोकमधून. मी इथे परसात पाच-सहा कोंबड्या पाळते, सगळ्या मोठ्या फार्मवरून निवृत्त झालेल्या. इथे अशा कोंबड्या लोकांना घरी पाळायला देणाऱ्या संस्था आहेत. युरोपात साध्या पिंजऱ्यांवर २०१२ पासून बंदी आहे, तरी मोठे, आत दांडा आणि घरटं असलेले पिंजरे चालतात. त्यातून आलेल्या कोंबडीला उचलताना दोन्ही हातांनी, पंख अंगाशी धरून उचला असं पहिल्यांदाच बजावतात, हाडं इतकी ठिसूळ.
इथला एक वेगळा अनुभव. २०२२च्या नोव्हेंबरात बर्ड फ्लूमुळे इंग्लंडमध्ये सगळ्या कोंबड्या छपराखाली ठेवायचा हुकूम निघाला. आमच्याकडचं ऊन आधीच आजारी, त्यात प्लॅस्टिकचं छत. ड जीवनसत्त्व अंगात तयारच होत नाही आणि ते नसेल तर कॅल्शियम पोटात असून रक्तात जात नाही. त्या महिन्यांत तयार पेलेटशिवाय काही घातलं नाही, त्यात ड-३ असतं. स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं तर इथे कोंबड्यांना घालणं कायद्याने बंदच आहे. माणदेशी दादांचं घरातलं उरलंसुरलं इथे चाललं नसतं, दंड झाला असता :)

माणदेशी_कुक्कुट
इथे उलटं आहे, ऊन घेऊन जा म्हणायची वेळ. त्यावरूनच आठवलं, उन्हाळ्यात पिंजऱ्यातली अंडी पातळ का होतात ते राहिलंच.

डॉ_पशुपती
दोन कारणं एकावर एक. पत्रा तापला की कोंबडी खाणं कमी करते. १०५ वरून ८५ ग्रॅमवर आली की त्याच ३.८ टक्क्यांतून सव्वातीन ग्रॅमच मिळतं. म्हणून उन्हाळ्यात पिंजऱ्यातल्या खाद्यात टक्का वाढवावा लागतो, ४.२ किंवा थोडा वर.
दुसरं कारण कॅल्शियमने सुटत नाही. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापेतून कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि रक्तातला बायकार्बोनेट घटतो. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यातला कार्बोनेट यातूनच यायचा. कॅल्शियम कितीही ओता, जोडीदार नसेल तर कवच होणार नाही. इथे खाण्याचा सोडा उपयोगी पडतो, मात्र खाद्यातलं मीठ तेवढं कमी करून आणि तुमच्या भागातल्या पशुवैद्याला विचारून. त्याहून आधी पत्र्यावर उसाचं पाचट, बाजूला ओलं गोणपाट, टाकीवर सावली. खाद्य पहाटे आणि दिवस कलल्यावर. भर दुपारी मॅश ढवळून कोंबडीला खायला लावू नका, पचवताना अंगात आणखी उष्णता होते. डाळिंबाच्या सावलीतल्या कोंबड्या या बाबतीत पिंजऱ्यातल्यांपेक्षा सुखी.

लेअरवाला_मिरज
रात्री मध्ये तासभर दिवा लावून खाद्य देतो आम्ही मे महिन्यात. गार असतं, बऱ्यापैकी खातात, आणि कवच चढतानाच कॅल्शियम मिळतं. फरक दिसतो.

डॉ_पशुपती
+१. पण दोन्ही बाजूंना पुरेसा अंधार राहू द्या आणि दिव्याच्या वेळा रोज बदलू नका.

सांगोला म्हटल्यावर आणखी एक. बोअरचं पाणी चाखून बघितलंय का? पाणी मिठाने खारट असेल तर कवचाचं गणित बिघडतं आणि तिथे शिंपला वाढवून काही होत नाही. पिण्यापुरतं तरी विहिरीचं किंवा साठवलेलं पावसाचं द्या.

माणदेशी_कुक्कुट
शेड आणि बाग एकाच टाकीवर आहेत, पिंजऱ्यातली अंडी चांगली म्हणजे पाणी सुटलं असावं. तरी तपासून घेतो. बागेत बदकंही आहेत चार, त्याचा काही संबंध?

डॉ_पशुपती
पाण्याबद्दल तर्क बरोबर. बदकांचा संबंध येऊ शकतो. एग ड्रॉप सिंड्रोम-७६ नावाचा विषाणू मूळ बदकांतला. त्यात कोंबडी निरोगी दिसते, पण पातळ, मऊ, बिनकवचाची अंडी अचानक वाढतात, रंगीत अंड्यांचा रंग उडतो आणि एकूण अंडी घटतात. त्याची लस आहे. तुमचं दुखणं हळूहळू आलंय आणि अंडी घटल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मला तो वाटत नाही. तरी बदकांचं डबकं आणि कोंबड्यांचं पाणी वेगळं करा. सुरकुतलेली, वेडीवाकडी अंडी दिसली तर इन्फेक्शस ब्राँकायटिस आणि राणीखेत या रोगांचं लसीकरण कधी झालं ते बघा.

शंकासुर
बदल केल्यावर कवच सुधारलं की नाही हे ठरवायचं कसं? अंगठ्याने दाबून?

डॉ_पशुपती
मिठाच्या पाण्याने. लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. त्याच दिवशीची ताजी अंडी सोडा. जाड कवचाचं बुडतं, पातळ कवचाचं तरंगतं. शिळं अंडं घेऊ नका, त्यातली हवेची पोकळी वाढलेली असते आणि ते उगाच तरंगतं. बागेतली वीस आणि पिंजऱ्यातली वीस घ्या, किती तरंगली ते लिहून ठेवा. तीन आठवड्यांनी पुन्हा. तपासलेली अंडी विकू नका, घरी खा.

भटक्या_खवय्या
किंवा मला पाठवा. दुसऱ्यांदा सांगतोय.

माणदेशी_कुक्कुट
सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: सकाळी सोडताना फक्त मॅश. ज्वारी दुपारी, पक्ष्यामागे दहा-पंधरा ग्रॅमच्या वर नाही. चारच्या सुमारास शिंपल्याचं भांडं आणि ताजं मॅश. खुराड्यात बोलवायला पाटी वाजवावी लागेलच, तेव्हा मूठभरच दाणे टाकतो.
इथे शिंपला मिळायला लांब पडतो. सोलापुरात मार्बल चिप्स मिळतात. चालतील?

डॉ_पशुपती
चालतील, फक्त दगड कोणता ते बघा. संगमरवर म्हणून डोलोमाइटही विकतात. त्यात मॅग्नेशियम फार, कोंबडीला पातळ हगवण लागते आणि कवच उलट बिघडतं. खड्यावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. चुनखडीचा असेल तर बुडबुडे लगेच येतात, डोलोमाइट जवळपास गप्प बसतो. पॉलिश केलेल्या फरशीचे तुकडे घेऊ नका. दोन ते चार मिलिमीटरच्या चाळणीतून काढून द्यायला सांगा. पिंजऱ्याच्या मॅशमध्ये मिसळणार असाल तर आधी खाद्यवाल्याला विचारा की त्याच्या ३.८ मध्ये खडा किती आणि पीठ किती. ते पोत्यावर लिहिलेलं नसतं.

वेंगुर्ल्याची_वहिनी
सांगोल्याला माल न्यायला आमच्या गावातून टेम्पो जातो पंढरपूरपर्यंत. दादा, व्यक्तिगत निरोप करा, दोन पोती शिंपा पाठवून देते. वाळवून, भाजलेल्या. कांडायचं तुमचं तुम्ही.

तळेगावची_तलंग
अंड्याची टरफलंच परत घातली तर चालतात ना? आमच्याकडे बेकरी आहे शेजारी, ढीगभर मिळतात.

डॉ_पशुपती
चालतात, त्यातही कॅल्शियम शिंपल्याइतकंच. पण बेकरीत दहा ठिकाणची अंडी येतात आणि त्यांच्यासोबत आजारही येतो. घरचीच टरफलं घ्या, तव्यावर चांगली भाजा, आणि अंड्याचा आकार ओळखू येणार नाही इतकी चुरा. अख्खी अर्धी टरफलं दिसली की कोंबडी अंडी फोडून खायला शिकते, आणि ती खोड मग मोडत नाही.